कौल कोणी लावला

शेवंती,

डिचोलीची तुझी खोली रिकामी करून झाली. चावी मालकाला दिली. शिलाईचं मशीन शेजारणीच्या सुनेला दिलं, कारण तिला तू शिकवत होतीस. शाळेच्या मुलींच्या धावायच्या बनियनी तू शिवायला घेतल्या होत्यास. त्यातल्या अकरा तयार होत्या, बारावीचा गळा राहिला होता. तो मी घरी नेऊन हाताने घातला. वाकडा झालाय. तू असतीस तर उसवायला लावला असतास.

"मंदे, तू पयली यादी करतलंस आणि मगे जीव सोडतलंस," असं तू म्हणायचीस. तू स्वतः मात्र काही न लिहिता गेलीस, म्हणून तुझीही यादी मलाच करावी लागली. तिच्यावर आता सगळीकडे बरोबरच्या खुणा आहेत. माझ्या यादीत एक काम उरलं आहे. गेली तीस वर्षं मी ते जुन्या वहीतून नव्या वहीत उतरवत आले. दर वेळी एवढंच लिहायचे, 'शेवंतीला सांगणे', आणि पान उलटायचे.

आता सांगते. देवळात तुझ्या नावाने कौल लावायचा विचार तुझ्या दादाचा नव्हता. माझा होता.

त्या कौलानंतर तू दादाशी बोलणं टाकलंस. माझ्याबरोबर मात्र दर बुधवारी, बाजाराच्या दिवशी, चहा आणि उंडा पाव खाल्लास. मी खाऊ दिला.

ज्यांना आपण दोघी ठाऊक नाही त्यांच्यासाठी क्रमाने लिहिते. इब्रामपूरच्या वाटेवर आपला गाव. शाळेत तू पळायचीस आणि मी वेळ लिहायचे. मला पळता येत नव्हतं, तुला लिहायचा कंटाळा होता. शाळेनंतरही तेच चाललं. तू गावातून नदीपर्यंत आणि नदीवरून परत गावात पळायचीस आणि मी रविवारी येऊन वहीत आकडे भरायचे. मला डिचोलीला शाळेत पीटीची नोकरी लागली आणि दोन वर्षांत मुलींच्या संघाची व्यवस्था माझ्याकडे आली. गोवा तेव्हा नुकतंच घटक राज्य झालं होतं. बाहेर स्पर्धेला जाणाऱ्या संघात आठशे मीटरसाठी एकच जागा होती, आणि तीन वर्षं ती तुझी होती.

तीन वर्षं दुसरी येत होती प्रेमा. डिचोलीची मुलगी. तिचे वडील सावंतवाडीकडून येऊन खाणीच्या ट्रकवर लागले होते. त्या वर्षी निवड झाल्यावर त्यांनीच लेखी हरकत दिली. कागद माझ्या हातात आला. वरच्या ओळीत तुझं नाव, खालच्या ओळीत, 'सदर खेळाडू मुलगी असल्याबद्दल शंका आहे.' पुढे कारणं. तुझा आवाज, तुझे खांदे, ओठावरची लव.

नियम असा होता की हरकत नसेल तर कोणी काही विचारायचं नाही. हरकत आली तर मुलीला पणजीला डॉक्टरांपुढे उभं करायचं, आणि ते दाखला देतील तरच नाव वर पाठवायचं. नावं पाठवायला चार दिवस होते.

मी प्रेमाच्या वडिलांना गाठलं. ते ट्रकच्या चाकाशी बसून चिखल खरवडत होते. मला पाहून उठले, हात पुसले. मी भांडायच्या तयारीने गेले होते.

"मास्तरीण बाय, माझ्या मनात किडो नाय," ते म्हणाले. "माझा चेडू, ही प्रेमा, तीन वर्सां काळोखात उठता. रक्ताची उलटी होयसर धावता. तुमचा ता चेडू हसत हसत पुढे जाता. माझा घरी येऊन इचारता, बाबा, मी खय कमी पडतंय? मी तेका काय सांगू?"

तो माणूस खोटं बोलत नव्हता. मुलींची शर्यत वेगळी ठेवली आहे ती प्रेमासारखीला जागा मिळावी म्हणूनच, हे मला तेव्हाही पटत होतं आणि आजही पटतं.

"डॉक्टराकडे गेला तर त्या चेडवाची लाज जातली," मी म्हटलं.

"मगे माका खरां कोण सांगतलो?"

तेव्हा मी म्हटलं, "देवाक इचारलां तर?"

त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला. मग म्हणाले, "देवान उजवो कौल दिलो तर मी कागद मागे घेतंय."

मला केवढं सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू. वहीत लिहिलंसुद्धा, 'हरकतीचा मार्ग निघाला.'

आणखी एक गोष्ट आजवर कुठेच लिहिलेली नाही, ती इथे लिहिते. मी देवावर विश्वास ठेवून हे केलं नाही. माझा विश्वास डॉक्टरवर होता, म्हणून मी तुला त्याच्यापर्यंत जाऊ दिलं नाही. मलाही शंका होती, शेवंती. लहानपणापासून तुझ्याबरोबर नदीवर गेलेली मी, आणि तरीही मला शंका होती. पणजीहून येणारा कागद काय म्हणेल याची मला भीती वाटली. कौलाला मात्र मी घाबरत नव्हते.

कौल मागायला घरातला पुरुष पुढे लागतो. मी दादाकडे गेले. तो अंगणात माडाची झावळं चिरत होता. ऐकून त्याने कोयता खाली ठेवला.

"नको, बाय. आधी तिका इचार."

"तिका सांगला तर ती घाबरतली. झाल्यावर सांगूया."

"नको," तो परत म्हणाला.

मी त्याला हरकतीचा कागद दाखवला. त्याला पूर्ण वाचवला नाही. म्हणाला, "नारळ किती वाजता घेऊन येऊ?"

वेळ मी ठरवली. संध्याकाळी तू नदीकडे पळायला जायचीस, हे रोजचं. तुझ्या सगळ्या वेळा माझ्या वहीत होत्या. जाऊन परत यायला तुला किमान चाळीस मिनिटं लागत. कौलाचं काम वीस मिनिटांत आटपतं. देवळात आम्ही पाच-सहा माणसं असू, तू परतायच्या आत सगळे घरी गेलेले असतील. असा माझा हिशेब.

गावात कौल आहे म्हटल्यावर पाच-सहा माणसं येत नाहीत, हे गावात जन्मलेल्या मला सुचायला हवं होतं. सभामंडप भरला. बायका खांबांशी उभ्या राहिल्या. पुजाऱ्याने देवाच्या दोन्ही बाजूंना भिजलेल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मग गाऱ्हाणं सुरू झालं, आणि गाऱ्हाणं मनात घालत नाहीत, मोठ्याने घालतात. मी ते लहानपणापासून ऐकत आले होते. पिकासाठी, आजारपणासाठी, हरवलेल्या म्हशीसाठी. त्यात तुझं नाव आल्यावर कसं ऐकू येईल, याचा विचार मी केला नव्हता.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरचा चेडू शेवंती..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ता चेडूच असा की नाय, हेचो लोकांक संशेव इलो असा..."

"व्हय म्हाराजा."

शंभर माणसं एका आवाजात व्हय म्हणाली. आमच्याकडे ती तशी रीतच. पुजाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला व्हय म्हणायचं. मी खांबाच्या मागे होते. मान वळवली आणि तू दारात दिसलीस. अनवाणी, घामाने निथळलेली, एक हात चौकटीला. तू कधी आलीस, किती ऐकलंस, मला कळलं नाही. घड्याळ पाहिलं. तू पळायला निघून एकतीस मिनिटं झाली होती. त्या अंतराला तू इतका कमी वेळ कधीच लावला नव्हतास.

पाकळी पडली. उजवीकडची. लोक समाधानाने पुटपुटले, कोणी घंटा वाजवली. प्रेमाच्या वडिलांनी तिथेच दादाचे हात धरले. तुला फक्त दादा दिसला, देवापुढे नारळ घेऊन उभा असलेला. तू वळलीस.

मी विहिरीपाशी तुला गाठलं. तू पाणी ओढत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तू थांबवूक इललंस मगो? उशीर झालो तुका."

मी म्हटलं, "होय."

एवढंच. कौलाची चूक मी माझ्या अडाणी हुशारीवर टाकू शकते. हे 'होय' कशावर टाकू?

दुसऱ्या दिवशी हरकत मागे घेतली गेली. त्या माणसाने शब्द पाळला. तुझं नाव मी शाईने यादीत लिहिलं. निघायच्या सकाळी पेडण्याच्या बसस्थानकावर मी दोन बसेस सोडल्या. प्रेमा राखीव म्हणून आली होती, ट्रंकेवर बसून होती. तिसरी बस लागली तेव्हा ती म्हणाली, "बाई, ती येवची नाय." तुझ्या नावावर रेघ ओढताना माझं पेन कागदातून खाली गेलं. प्रेमा धावली, मागून दुसरी आली. तिला त्याचंही फार वाईट वाटलं, कारण आता ती खरंच कमी पडली होती की तिच्या मनातच काही मोडलं होतं, हे तिला कळेना.

मी स्पर्धेहून परत आल्यावर तू मला म्हणालीस, "देवाक इचारल्यानी, गावाक इचारल्यानी. माका कोणीच इचारूक नाय." मग तू डिचोलीला खोली घेतलीस आणि शिवणकाम सुरू केलंस. त्यानंतर तू धावलेली मी पाहिली नाही. संध्याकाळी मैदानावर जाऊन तू लहान मुलींना मात्र शिकवायचीस. कोणाची पावलं आत वळतात, कोण खांदे आवळते, हे तू कुंपणाबाहेर उभी राहूनही ओळखायचीस.

मी पुढे नियम करणाऱ्यांच्या समितीत गेले. तुला ते आवडलं नाही, पण तू विचारत राहायचीस. बाहेर कुठे एखाद्या धावपटूबद्दल वाद उठला, टीव्हीवर तेच ते दाखवायला लागले, की बुधवारी आपलं भांडण ठरलेलं.

"मुलींचा गट म्हटला की कुंपण व्हया," मी म्हणायचे. "कुंपण नसला तर गट कशाक?"

"घाल मगो. मी खय नको म्हणतंय? प्रेमा तिच्या जाग्यार बरोबर होती. पण तुझ्या कुंपणाचा दार कोणासाठी उघडता आणि कोणाक थांबवता, तां सांग."

"संशय असलो तर तपासूचां. बंद लिफाफो. बाई डॉक्टर. नाव खय येवचा नाय."

"संशय कोणाचो?"

"कोणाचोय असांदे."

"म्हणजे जिचा तोंड गोड तिका कोण इचारूचो नाय. जिका मिशी ती जातली दवाखान्यात."

"मगे सगळ्यांकच तपासूया."

तू कप खाली ठेवलास. "बरा. तुझ्या चेडवापासून सुरू कर."

माझी मुलगी तेव्हा बॅडमिंटन खेळायला बाहेर जाणार होती. मी उठले. चहा अर्धा टाकून उठले. नंतरचे तीन बुधवार मी आले नाही. तुझ्या प्रश्नाला उत्तर शोधत होते असं म्हणायला आवडेल, पण तसं नव्हतं. मी चिडले होते. चौथ्या बुधवारी यायचं ठरवलं होतं, आणि या खेपेला सगळं सांगायचं म्हणूनच ठरवलं होतं. मंगळवारी तुझ्या शेजारणीचा फोन आला.

उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कुंपण हवं, हे मी अजूनही म्हणते. ते कोणाच्या संशयावर घालायचं, हे मला सांगता येत नाही. समितीत गेली कित्येक वर्षं मी हे सांगता येत असल्यासारखी बसले.

तुझ्या शेवटच्या अंघोळीचं सांगायला हवं. तुझ्या खोलीत बायका जमल्या होत्या. शेजारच्या होत्या, आणि गावाहूनही काही आल्या होत्या. गावाहून आलेल्या दाराजवळ दाटीने उभ्या होत्या, आणि त्या इतक्या जवळ का उभ्या आहेत ते मला कळत होतं. देवळात खांबांशी ज्या उभ्या होत्या त्यांतल्याही दोघी होत्या, आता म्हाताऱ्या. एक म्हणाली, "मंदा, तू कर. आमी पाणी घालतो."

"पाणी मी घालीन," मागून कोणी म्हटलं. प्रेमा होती. पणजीहून आली होती, ऑफिसच्या साडीतच. ती आत आली, तिने दोन चादरी मागून घेतल्या आणि बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. जाईनात तेव्हा दार लावलं. एक चादर तुझ्या अंगावर घातली, दुसरी दोन्ही हातांत ताणून आडवी धरली, अगदी स्वतःच्या डोळ्यांसमोर. शेवंती, तुझ्याबद्दल खरं कळायचा हक्क जगात कोणाला होता असेल तर तो तिला. तिने डोळ्यांपुढे चादर धरली. मी चादरीखालून हात फिरवून तुला अंघोळ घातली, भिंतीकडे बघत. हात कुठे थांबवायचा नाही हे मी ठरवून घेतलं होतं. पाणी घालायला ती चादर खाली करायची तेव्हा डोळे मिटून करायची, आणि निम्मं पाणी माझ्या पायांवर जायचं.

बाहेर आल्यावर त्या दोघींतली एक प्रेमाच्या कानाशी लागली. "मगे? कसां काय?"

"काय कसां?" प्रेमा म्हणाली. "पाणी ऊन होतां."

दादा तुला गावी घेऊन गेला. अग्नी त्यानेच दिला. तू जिवंत असताना त्याला हात लावू दिला नसतास, हे त्याला ठाऊक होतं. चितेपाशी तो लाकडं पुन्हा पुन्हा सारखी करत राहिला, कोणीतरी हाताला धरून बाजूला नेईपर्यंत.

बाराव्याला मी गेले. जेवणं झाली, माणसं पांगली. दादा घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसला होता. मी उभ्यानेच सुरुवात केली, बसले असते तर जमलं नसतं.

"दादा, तुमका एक सांगूचां आसा. तिका सांगूचां रवला."

"कौलाचा?"

"होय. विचार माझो होतो. मी तिका कधी सांगूक नाय. तुमचा नाव झाला."

त्याने मान हलवली. "तां तिका म्हायत होतां."

मला कळलं नाही.

"मी सांगलंय तिका. त्याच आठवड्यात. सांगलंय, माका मंदान सांगल्यान, मी दोनदा नको म्हटलंय. ती म्हणाली, दादा, कौल लावलंस तां मी इसरान. पण आपली चूक उचलून मंदाच्या माथ्यार घालतंस? ती थांबवूक इलली. माका तिनाच सांगल्यान." तो थांबला. "त्या दिसापासून बोलूक नाय. कौलासाठी नाय, बाय. तुझा नाव घेतलंय म्हणान."

मी बसले. तिथेच, जमिनीवर.

"मगे माका येऊन इचारूचां," मी म्हटलं. "भांडूचां."

"इललंय. एकदा. बुधवार होतो. तुमी दोघी हॉटेलात बसलली. ती हसत होती. खिडकीतसून बगलंय आणि बस धरलंय." त्याने तोंड पुसलं. राग त्याच्या आवाजात होताच, तो त्याने लपवला नाही. "आता माका सांगान काय उपेग? ती जिती असताना सांगूक काय झाला होतां?"

मी उठले आणि चपला पायात घातल्या.

निघताना तो फाटकापर्यंत आला. "तू सगळा लिवतंस," तो म्हणाला. "हां पण लिव. ती वाचूची नाय, पण गाव वाचतलो. तीस वर्सां मी भयणीचो कौल लावणारो."

म्हणून लिहिते. गावाने वाचावं, ज्यांनी व्हय म्हटलं त्यांनी आणि त्यांच्या मुलांनीही. कौल मी लावायला लावला. वेळ मी ठरवली. शेवंतीला सांगू नका असं मी म्हटलं. तिच्या भावाने दोनदा नको म्हटलं होतं, आणि नंतर तिला जे सांगितलं त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता.

तो खोटं बोलला नव्हता, शेवंती. विहिरीपाशी खोटं मी बोलले होते.

मंदा